दूरदेशी गेलेले आप्त आणि नोंदवहीचा समास

(राजूर येथे ज्युबिली महोत्सवाच्या सायंकालीन सभेत दिलेले व्याख्यान)



या शुभप्रसंगी आम्ही काही बोलावे अशी ज्युबिली समितीची आज्ञा झाली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. आम्ही वक्ते नव्हेत. गेली दोन वर्षे आम्ही केवळ नकलनविसाचे काम करीत आहो. जुन्या बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या नोंदवह्यांस कसर लागली होती, आपल्या या डांगाणी पावसाळ्याच्या दमटपणाने काही पाने एकमेकांस चिकटली होती, म्हणून त्यांची स्वच्छ नक्कल उतरवून घ्यावी असे ठरले आणि ते काम आम्हांकडे आले. परंतु या कामात आम्हांस जे सापडले ते आमच्या घरापुरते ठेवणे योग्य नव्हे, असे फादरांचे म्हणणे पडले. आज या सभेत बसलेल्या कित्येक घरांतून कोणी ना कोणी दूर गेलेले आहे. सबब आम्ही आमच्या घरची गोष्ट सांगावयास उभे आहो.

आमच्या वडिलांस एक वडील बहीण होती. आम्हां भावंडांस ती आत्या. त्यांचे नाव आम्ही येथे उच्चारीत नाही, कारण त्यांची मुले हयात आहेत व नाव छापले जाऊ नये अशी त्यांची इच्छा आहे. लहानपणी आम्हांस एवढेच ठाऊक होते की आत्या परिचारिकेचे शिक्षण घेऊन कॅनडास गेल्या. भिंतीवर त्यांची तसबीर नव्हती. आजोबांसमोर त्यांचा विषय निघत नसे. आजी मात्र वर्षातून एकदा त्यांचे नाव घेत, आणि ते कोणत्या प्रसंगी हे पुढे सांगू.

आत्या गेल्या त्या काळाविषयी थोडे सांगितले पाहिजे. कॅनडाचे दार आपल्या लोकांस सहजासहजी उघडे नव्हते. १९५१ साली झालेल्या कराराप्रमाणे सबंध हिंदुस्थानातून वर्षाला अवघ्या १५० माणसांस तेथे कायम वस्तीसाठी प्रवेश मिळे. १९५७ साली ही संख्या ३०० झाली. १९६२ साली तिकडील सरकारने वंश व वर्ण पाहून माणूस नाकारण्याची रीत नियमांतून बहुतांशी काढून टाकली, आणि १९६७ च्या ऑक्टोबरपासून शिक्षण, धंदा, वय व भाषा यांस गुण देऊन निवड करण्याची पद्धत सुरू झाली. त्या दशकाच्या अखेरीस आत्या गेल्या. डॉक्टर, शिक्षक व परिचारिका यांची खेड्यांतून फार वाण होती. शहरातील लोक त्या थंडीत व एकांतात जाण्यास राजी नसत. म्हणून डांगाणातील एका मुलीस बोस्टन नव्हे, टोरांटो नव्हे, तर ज्याचे नाव नकाशात भिंग लावून पाहावे लागते अशा एका गावी नोकरी मिळाली.

तो प्रांत म्हणजे सस्कॅचेवान. त्याचा विस्तार महाराष्ट्राच्या दुपटीहून अधिक. पण २०२१ च्या शिरगणतीत तेथील लोकसंख्या भरली सुमारे ११ लाख ३२ हजार. आपल्या एका नगर जिल्ह्यात, ज्यास आता अहिल्यानगर म्हणतात, २०११ सालीच ४५ लाखांहून अधिक माणसे होती. त्या प्रांताचा दक्षिणेकडील भाग म्हणजे प्रेअरी, अर्थात् सपाट गवताळ माळ. आपण येथे जन्मलो ते कळसूबाई, रतनगड आणि प्रवरेच्या कुशीत. पावसाळ्यात शेजारच्या घराचा दिवा दिसत नाही इतका पाऊस. तिकडे डोंगर नाही, टेकडी नाही, वर्षाचा पाऊस व बर्फ मिळून येथील एका आठवड्याच्या झडीएवढा, आणि हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस-चाळीस अंश. आत्यांच्या पहिल्या पत्रात अशी तक्रार होती की येथे उंच चढून पाहावे असे काही नाही, त्यामुळे आपण कोठे आहो हेच कळत नाही.

पत्रे एकूण तीनच. आमचे वडील वारल्यावर आजोबांची पत्र्याची पेटी उघडली, तेव्हा तळाशी ती निळी हवाईपत्रे निघाली. पहिले पत्र पोहोचल्याचे. दुसऱ्यात पैसे पाठविल्याचा मजकूर. तिसरे पत्र लग्नाविषयी. आत्यांनी तेथील एका शेतकऱ्याशी विवाह करण्याचे योजिले होते. तो कॅथलिक होता, पण परदेशी. आणि आजोबांनी तर येथे एका घरी शब्द दिलेला होता. पत्राच्या अखेरीस एक वाक्य होते: तिकडील फादर दाखल्यासाठी आपल्या चर्चला लिहितील, तेव्हा तुम्हांस कळेलच, पण त्याआधी ते माझ्याकडून कळावे म्हणून लिहीत आहे. आजोबांनी उत्तर दिले नाही. आजोबा कठोर नव्हते. दुष्काळात त्यांनी दुसऱ्याची गुरे आपल्या वैरणीवर जगविली. पण दिलेला शब्द मोडला हे त्यांच्या मनातून गेले नाही, आणि एकदा न लिहिलेले उत्तर दर वर्षी लिहिण्यास अधिक अवघड होत गेले असावे. आमच्या वडिलांनीही लिहिले नाही. हे सांगताना आम्हांस लाज वाटते.

पेटी उघडल्यावर आम्ही शोध आरंभिला, आणि जितक्या चुका करणे शक्य होते तितक्या केल्या. पत्रांवर परतीच्या पत्त्यात गावाचे नाव व टपालपेटीचा क्रमांक होता. आम्ही त्या पत्त्यावर पत्र धाडले. ते चार महिन्यांनी परत आले. ते टपालघरच राहिले नव्हते. मग आम्ही संगणकावर आत्यांचे नाव शोधू लागलो. आमचे आडनाव रोमन लिपीत पाच प्रकारे लिहिता येते. ते पाचही प्रकार शोधले. पण लग्नानंतर त्यांचे आडनाव बदलले असणार, आणि नवऱ्याचे आडनाव पत्रात नव्हते. होते ते त्याचे पाळण्यातील नाव, आणि त्या नावाचे शेतकरी त्या माळावर हजारांनी असतील. शिरगणतीचे कागद पाहावे म्हटले, तर कॅनडात शिरगणतीचे कागद ९२ वर्षांनी खुले होतात. १९३१ सालचे कागद २०२३ मध्ये लोकांस पाहावयास मिळाले. आगबोटीच्या उतारूंच्या याद्या राष्ट्रीय दफ्तरखान्यात आहेत खऱ्या, पण त्या १९३५ पर्यंतच्या. त्यानंतर आलेल्यांचे कागद वसाहत खात्याच्या ताब्यात असून ते मागण्याचा अर्ज कॅनडाच्या नागरिकाने किंवा तेथे राहणाऱ्याने करावा लागतो. अलीकडील मृत्यूची नोंद परक्यास दाखविली जात नाही. या सर्व अटी आम्हांस प्रथम जुलमाच्या वाटल्या. पुढे वाटले, आपल्या आत्याविषयी कोणीही उठून चौकशी करावी असे आपल्यास तरी रुचले असते काय?

असो. शोध थांबला. सहा-सात वर्षे गेली. मग या ज्युबिलीनिमित्त वह्यांचे काम आले.

बाप्तिस्म्याची वही आपणांपैकी फारच थोड्यांनी उघडून पाहिली असेल. प्रत्येक नोंदीत बालकाचे नाव, जन्मदिवस, बाप्तिस्म्याचा दिवस, मातापित्यांची नावे, धर्ममातापिता व संस्कार देणाऱ्या फादरांची सही असते. उजवीकडे वा डावीकडे एक अरुंद रकाना मोकळा सोडलेला असतो. आम्ही नक्कल करू लागलो तेव्हा हा रकाना गाळून चालेल असे आम्हांस वाटले होते. बहुतेक ठिकाणी तो कोराच आहे, कोठे कोठे बारीक अक्षरांत काही खरडलेले. फादरांनी आम्हांस थांबविले आणि सांगितले की नोंद एक वेळ पुन्हा मिळेल, समास मिळणार नाही.

याचे कारण असे. १९०७ साली पोप दहावे पायस यांच्या काळात विवाहाविषयी 'ने तेमेरे' या नावाचे फर्मान निघाले व १९०८ च्या ईस्टरपासून ते अमलात आले. त्याप्रमाणे कोणा कॅथलिकाचा विवाह जगाच्या पाठीवर कोठेही होवो, जेथे विवाह झाला तेथील फादरांनी ती वार्ता जेथे बाप्तिस्मा झाला तेथील फादरांस कळवावी, आणि त्यांनी ती बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी लिहून ठेवावी, असा दंडक झाला. पुढे १९१७ च्या धर्मसंहितेत तो कायम राहिला व १९८३ च्या नव्या संहितेतही आहे. एका माणसाने एका ठिकाणी विवाह लपवून दुसरीकडे दुसरा करू नये, हा त्याचा हेतू. दाखला मागविताना तो ताजा मागवितात, तोही याचसाठी. समासातील मजकूर दाखल्यावर उतरवावा लागतो. परंतु या दक्षतेचा दुसरा एक परिणाम झाला, जो नियम करणाऱ्यांच्या ध्यानातही नसेल. माणूस कितीही दूर जावो, आईबापांनी त्याचे नाव टाकलेले असो, त्याच्या गावच्या वहीतील त्याची ओळ मिटत नाही, आणि जेथे तो संसार मांडतो तेथून त्या ओळीकडे एक कागद परत येतो.

आत्यांच्या तिसऱ्या पत्रातील ते वाक्य आम्ही कितीतरी वेळा वाचले होते. किल्ली त्यातच होती. दाखला मागविला गेला असेल तर उत्तर गेले असेल, आणि लग्न झाले असेल तर वार्ता आली असेल, हे आमच्या डोक्यात आले नाही.

आत्यांची ओळ आली ती एका पावसाळी दुपारी. समासात तीन ओळी होत्या, अर्ध्या लॅटिन, अर्ध्या इंग्रजी, शाई तपकिरी झालेली. विवाहाचा दिवस, वराचे संपूर्ण नाव, चर्चचे नाव, गाव. आणि धर्मप्रांताच्या जागी सेंट पीटर नावाच्या एका मठाचे नाव. म्हणजे त्या वेळच्या फादरांनी ती वार्ता लिहून घेतली होती. त्यांनी आजोबांस सांगितले असेल काय? सांगितले असावे असे आम्हांस वाटते. आजोबा त्यानंतर कित्येक वर्षे दर रविवारी त्या वहीपासून पन्नास पावलांवर गुडघे टेकून बसत.

मठाच्या नावाने आम्ही पुन्हा गोंधळलो. मठात विवाह कसा होईल? फादरांनी उलगडा केला. १९०३ च्या मे महिन्यात अमेरिकेतील मिनेसोटा व आसपासच्या प्रांतांतून जर्मन भाषा बोलणारी कॅथलिक शेतकरी कुटुंबे, बेनेदिक्तीन संन्याशांस बरोबर घेऊन, सस्कॅचेवानच्या माळावर वसावयास आली. त्या वसाहतीस सेंट पीटर्स कॉलनी म्हणत. तिचा विस्तार सुमारे १,८०० चौरस मैल, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या चौथ्या हिश्श्याहून थोडा अधिक. म्युन्स्टर या गावी त्यांनी मठ बांधला. १९२१ साली रोमने त्या मठाच्या मुख्यास बिशपासारखा अधिकार देऊन तो मुलूख स्वतंत्र केला, आणि १९९८ साली तो पुन्हा मोडून सस्कटून धर्मप्रांतात मिळविला. म्हणजे ज्या अधिकाराखाली आत्यांचा विवाह झाला तो अधिकारच आता नाही. यात नवल नाही. आपले हे धर्मग्रामही प्रथम पुणे धर्मप्रांतात होते आणि १९८७ साली नाशिक धर्मप्रांत निघाला तेव्हा त्यात आले. उद्या कॅनडातून कोणी पुण्यास लिहील तर त्यासही असाच वळसा पडेल.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्या जिल्ह्यात कॅथलिक मिशनाचा पाया घातला तो जर्मन जेझुइट फादरांनी. आपले 'निरोप्या' मासिक १९०३ साली फादर हेन्री डोरिंग यांनी काढले. तेच पुढे पुण्याचे बिशप झाले. वसाहतही १९०३ सालची, हा योगायोग आम्हांस फार गोड वाटतो. पहिल्या महायुद्धात जर्मन म्हणून त्या फादरांस नजरकैद भोगावी लागली व पुष्कळांस मायदेशी धाडण्यात आले. तिकडे माळावरील जर्मन शेतकऱ्यांसही त्याच काळात परके म्हणून संशयाने पाहिले गेले. ज्या भाषेत आपल्या आजोबा-पणजोबांचे फादर आपसांत बोलत, त्या भाषेच्या घरी आत्या सून म्हणून गेल्या. आजोबांस हे कोणी समजावून सांगितले असते तर? पण अशा 'तर'ला अंत नाही.

आम्ही सस्कटूनच्या धर्मप्रांताच्या कचेरीस लिहिले. उत्तर सौजन्याचे आले, पण त्यात माहिती अल्प होती. ते चर्च पूर्वीच बंद झाले होते, वह्या सुरक्षित होत्या, विवाहाची नोंद त्यांच्याकडेही मिळाली. मात्र हयात माणसांची माहिती आम्ही देऊ शकत नाही, तुमचे पत्र पोहोचविण्याचा यत्न करू, असे त्यांनी कळविले. आम्ही पत्र लिहून धाडले आणि वाट पाहत बसलो.

वाट पाहता पाहता त्या मुलुखाविषयी वाचू लागलो, आणि गाव नाहीसे कसे होते हे तेव्हा कळले. आपल्याकडे गाव नाहीसे झाले ते धरणाच्या पाण्याखाली. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, त्याची आठवण आपल्या घरांतून आहे. तिकडे पाणी आले नाही. तेथे सरकारने जमीन चौकटीचौकटींनी मोजली होती. सहा मैल लांब व सहा मैल रुंद एक टाउनशिप, तीत ३६ सेक्शन, प्रत्येक ६४० एकरांचे, आणि त्याचा चौथा हिस्सा, १६० एकर, १८७२ च्या कायद्याप्रमाणे दहा डॉलर फी भरून जो तेथे घर बांधील, राहील व नांगरील त्यास तीन वर्षांनी मिळे. प्रत्येक कुटुंबाचे शेत इतके मोठे, तेव्हा शेजारी दूर. आणि धान्य रेल्वेपर्यंत घोडागाडीने एका दिवसात जाऊन येता यावे म्हणून थोड्या थोड्या मैलांवर एक स्टेशन, एक धान्याचे उंच कोठार, एक दुकान, एक चर्च. मोटारी आल्या, शेते आणखी मोठी झाली, घरे कमी झाली. रेल्वेचे फाटे उखडले, कोठारे पाडली. १९९३ साली प्रांतिक सरकारने खेड्यांतील ५२ इस्पितळे बंद केली किंवा त्यांचे साधे दवाखाने केले. आत्या ज्या इस्पितळात गेल्या होत्या तेही आता इस्पितळ नाही.

परंतु त्या लोकांनी एक शहाणपणा केला. १९५५ साली प्रांताचा सुवर्णमहोत्सव झाला व १९८० साली पंचाहत्तरी. त्या निमित्ताने गावोगावच्या मंडळींनी आपापल्या गावाची व चर्चची स्मरणपुस्तके छापली. शेकडो पुस्तके; प्रत्येक घराला त्यात जागा. कोण कोठून आले, कोणाच्या चौकटीवर वसले, मुले किती, हे घरच्या माणसानेच लिहून द्यावयाचे. छपाई साधी, शुद्धलेखन बेताचे, आणि मोल होत नाही इतकी ती पुस्तके उपयोगी. कॅलगरी येथील विद्यापीठाने अशी पुष्कळ पुस्तके संगणकावर खुली केली आहेत. ज्युबिलीच्या अंकास घरची माहिती द्या म्हणून समितीची मंडळी दारोदार फिरली तेव्हा कित्येकांनी "आमचे काय छापायचे?" म्हणून त्यांस परत पाठविले, त्यांच्यासाठी हे मुद्दाम सांगतो.

नवऱ्याचे आडनाव आता हाती होते. त्या गावाचे १९८० सालचे पुस्तक मिळाले, आणि त्यात ते घर मिळाले. अर्धे पान. एक छायाचित्र: बर्फात उभा एक उंच गृहस्थ, दोन मुले, आणि लोकरी टोपी कानांवर ओढून उभ्या आत्या. आमच्या आजींचे नाक व हनुवटी. आम्ही भावंडे त्या चित्राभोवती किती वेळ बसलो ते सांगता येत नाही. खाली मजकूर आत्यांनीच दिलेला असावा. जन्म मुंबईजवळील राजूर येथे, असे लिहिले होते. मुंबईजवळील! पण करणार काय? एकट्या महाराष्ट्रात राजूर नावाची तीन गावे आम्हांस ठाऊक आहेत, जालन्याकडील गणपतीचे, यवतमाळकडील कोळशाच्या खाणीचे आणि हे आपले; माळावरच्या शेजाऱ्यांस कोणते राजूर हे कसे कळावे? इस्पितळातील नोकरी, विवाह, गहू व जवसाची शेती, चर्चमधील गायनवृंद, हेही होते. आणि शेवटी एक ओळ होती, की त्यांचे आईवडील हिंदुस्थानात निवर्तले आहेत.

१९८० साली आमचे आजोबा व आजी दोघेही हयात होते. आजी तर त्यानंतर अकरा वर्षे जगल्या.

आता आजींची गोष्ट. दर वर्षी नोव्हेंबरच्या आरंभी आपण मृतांची यादी चर्चमध्ये देतो, ही रीत आपणांस ठाऊक आहे. आमच्या घरची यादी वडील लिहीत आणि आजी सांगत. एकदा कोणी तरी हलक्या आवाजात सुचविले की इतकी वर्षे पत्र नाही, तेव्हा पोरीचेही नाव घालावे. आजींनी यादीचा कागद काढून घेतला. त्या दिवसापासून दर वर्षी यादी पुरी झाली की आजी विचारीत, तिचे नाव नाही ना घातले? वर्षातून एकदा आत्यांचे नाव आमच्या घरात निघे ते या प्रसंगी. अखेरच्या वर्षी त्यांस वाचा नीट राहिली नव्हती, तरी कागद हातात घेऊन त्यांनी बोटाने ओळी चाचपल्या.

आमचे पत्र पोहोचले होते. आठ महिन्यांनी उत्तर आले ते आत्यांच्या कन्येचे, म्हणजे आमच्या आतेबहिणीचे. आत्या चार वर्षांपूर्वीच वारल्या होत्या. पत्रात तिने लिहिले होते की आईने आम्हांस लहानपणीच सांगितले होते की आजी-आजोबा वारले, आणि त्याहून अधिक विचारले की ती स्वयंपाकघरात जाई. दर वर्षी २ नोव्हेंबरला ती आपल्या मातापित्यांच्या आत्म्यांसाठी मिस्साबलिदान अर्पण करवी. चर्च बंद झाल्यावर तीस मैल मोटारीने जाऊन करवी. आम्हां मुलांस मराठीचे तीनच शब्द येतात, 'उठ', 'बस' आणि 'भाकरी'. यातील तिसऱ्याचा अर्थ काय, तेही तिने विचारले होते, कारण आई गव्हाच्या जाड पोळीस तो शब्द वापरी व हसे.

आत्यांस आईवडील वारले असे कोणी चुकीचे कळविले होते, की उत्तर न आल्याने त्यांनी तसे धरून चालण्याचे ठरविले, हे आता कळण्यास मार्ग नाही. आम्ही भावंडांनी यावर पुष्कळ वाद घातला. एकाचे म्हणणे, आतेबहिणीस खरे सांगू नये. तिने जे मनाशी धरले आहे ते राहू द्यावे. दुसऱ्याचे म्हणणे, या घरात न लिहिण्याने एकदा जे झाले ते पुरे झाले. आम्ही फादरांस विचारले. त्यांनी सल्ला दिला नाही. त्यांनी आजींच्या मृत्यूची नोंद काढून आमच्यापुढे ठेवली व म्हणाले, एवढी नक्कल मात्र तिला द्या, ती तिची आजी आहे.

आम्ही सर्व लिहिले. तीन पत्रे पेटीत जपून ठेवलेली होती हे लिहिले, आजोबांनी दिलेला शब्द लिहिला, वडिलांचे मौन लिहिले. आजींच्या यादीविषयी लिहिले. भाकरीची कृतीही लिहिली. समासाचे छायाचित्र सोबत जोडले.

त्यावरील तिचे उत्तर छोटे होते. तिने ते पत्र आईच्या थडग्याशी नेऊन वाचले, इतकेच. चर्चची इमारत विकली गेली आहे, पण दफनभूमी आहे. आसपासचे दोघे-तिघे शेतकरी उन्हाळ्यात तेथील गवत कापतात. तेथे जाण्याचा पत्ता म्हणून तिने गावाचे नाव दिले नाही. सेक्शनचा क्रमांक, टाउनशिपचा क्रमांक, रेंजचा क्रमांक आणि दुसऱ्या मध्यान्हरेषेच्या पश्चिमेस, असा तो पत्ता आहे. आपल्या सातबाऱ्यावरील गट नंबरासारखाच तो आहे, आणि गाव पुसले तरी तो पुसत नाही. आम्ही तो आजोबांच्या पेटीच्या झाकणावर आतून लिहून ठेवला आहे.

आता सभेस एक विनंती. ज्यांच्या घरचे कोणी परदेशी वा दूरच्या मुलुखात आहे व ज्यांचा पत्ता तुटला आहे, त्यांनी येत्या रविवारी मिस्सानंतर कचेरीत यावे. येताना जुने पाकीट असल्यास आणावे, आतील पत्र नसले तरी पाकीट टाकू नये. त्यावरील शिक्का कामाचा असतो. गेलेल्या माणसाचे बाप्तिस्म्याचे नाव, घरचे नाव, बापाचे नाव व आडनाव हे चारही सांगावे, आणि आडनाव तेव्हाच्या दाखल्यावर जसे लिहिले असेल तसे, आज लिहितो तसे नव्हे. कोणत्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला हे वडीलधाऱ्यांस आजच विचारून ठेवावे. सांगणारी माणसे थोडी उरली आहेत. परदेशातील माणूस सापडला तरी त्याची इच्छा असल्यावाचून त्याचा ठावठिकाणा आम्ही कोणास देणार नाही. पत्र पोहोचवू, उत्तर द्यावे की न द्यावे हे त्याचे त्याने ठरवावे. आणि ज्यांच्या मुलांचे विवाह मुंबई-पुण्यास किंवा समुद्रापलीकडे होत आहेत त्यांनी तेथील फादरांस आठवण द्यावी की वार्तेचा कागद राजुरास धाडावा. अलीकडच्या कित्येक विवाहांचे समास कोरे आहेत, हे नक्कल करताना आमच्या ध्यानात आले आहे.

आमच्या आत्यांची ओळ आम्ही नव्या वहीत उतरविली, समासासह. गेल्या २ नोव्हेंबरच्या यादीत आजोबा, आजी आणि आत्या ही तिन्ही नावे प्रथमच एका कागदावर आली. यादी आतेबहिणीने तिकडून लिहून पाठविली होती. आत्यांचे नाव तिने आपल्या अक्षरांत, देवनागरीत, कोठून तरी शिकून लिहिले होते. वेलांटी चुकीच्या बाजूस होती, ती आम्ही तशीच ठेवली.